फेंगडत, लंगडत, खुरडत

श्रोतेहो, नमस्कार. हंसगती, गजगामिनी वगैरे ऐटदार चालींचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालंय. आज बोलायचंय ते वेड्यावाकड्या चालींबद्दल. त्या बघायच्या तर आषाढी वारीत सासवडच्या मुक्कामी जावं.

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी पुण्याहून निघते आणि दिवे घाट चढून त्याच दिवशी सासवडला पोचते. टप्पा ३० किलोमीटरच्या आसपासचा, त्यात घाट, वर बहुधा एकादशीचा उपास. घाटात टाळ-मृदंगाच्या नादात पाऊल आपसूक पडतं. खरी चाल कळते ती संध्याकाळी, तंबूतून पाण्याच्या टँकरपर्यंत जाताना.

एका वर्षी हौसेनं मीही हा टप्पा चाललो. मग रस्त्याकडेला बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तेवढे बघत राहिलो. एक आजोबा फेंगडत आले. भिजलेलं धोतर दिवसभर जांघेत काचलेलं, म्हणून दोन पायांत हातभर अंतर ठेवून, बदकासारखे. फेंगडणं वेगळं, लंगडणं वेगळं, बरं का! त्यांच्यामागच्या मावशी लंगडत होत्या. टाचेला फोड, सगळा भार चवड्यावर, चपला हातात. एक तरुण तर पाय नुसते ओढत होता. आधी चपलेचा फराक-फराक आवाज यायचा, मागून पोरगा. अंधार पडल्यावर भेलकांडणारेही दिसले. दारूनं नव्हे हो, झोपेनं. त्यातला एक तंबूच्या दोरीला ठेचकाळला आणि थेट त्या आजोबांच्या अंगावर. आजोबा म्हणाले, "सावकाश माऊली, पंढरपूर अजून लांब आहे."

मला मात्र पंढरपूरपर्यंत जायचं नव्हतं. रात्रीच एसटीनं घरी आलो, जिना चढलो, झोपलो. सकाळी दूध आणायला निघालो आणि पहिल्याच पायरीवर थबकलो. उतरताना अंगाचं सगळं वजन मांड्यांना आवरून धरावं लागतं, आणि माझ्या मांड्या तर दगड झालेल्या. कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरू लागलो. शेवटच्या चार पायऱ्या तेही जमेना. खाली बसलो आणि दुधासाठी घेतलेली रिकामी पिशवी मांडीवर घेऊन खुरडत निघालो.

खालच्या वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, पडलात की काय?"

"नाही," म्हटलं, "सासवडला गेलो होतो."