निस्क्वालीचा मच्छीमार

पडद्यावर दिसणारी ही नदी निस्क्वाली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरच्या हिमनदीतून ती निघते आणि प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याला जाऊन मिळते. १९४५ साली याच नदीवर आपल्या जाळ्यातले सॅमन मासे सोडवत असताना निस्क्वाली जमातीच्या एका चौदा वर्षांच्या मुलाला राज्याच्या रक्षकांनी पकडले. त्याचे नाव बिली फ्रँक ज्युनियर.

गुन्हा काय, तर मासे धरले. १८५४ च्या मेडिसिन क्रीक तहाने निस्क्वाली आणि शेजारच्या जमातींनी आपली बहुतेक सारी जमीन सरकारला दिली होती, परंतु वाडवडिलांच्या ठिकाणी, इतर नागरिकांच्या जोडीने, मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे राखला होता. राज्याचे अधिकारी मात्र मासे घटल्याचे खापर याच जमातींवर फोडत. वास्तविक त्यांच्या वाट्याला मासळीचा अगदी थोडा हिस्सा येई. पुष्कळशी मासळी व्यापारी नौका समुद्रातच उचलत, आणि धरणांनी व जंगलतोडीने नद्याच बिघडत चालल्या होत्या.

१९६० च्या दशकात बिली फ्रँक आणि त्यांच्या सोबत्यांनी बंदी मोडून उघडपणे जाळी टाकली. लाठ्या आणि अश्रुधूर सोसला. बिली यांना आयुष्यात पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. आपण धोरण आखणारे नव्हतो, अटक करवून घेणारे होतो, असे ते पुढे सांगत. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी तहातल्या ‘जोडीने’ या शब्दाचा अर्थ लावला: धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा तहातील जमातींचा, आणि माशांच्या व्यवस्थापनातही त्या राज्याच्या बरोबरीच्या भागीदार.

बहुतेकांनी इथे विजय साजरा करून घर गाठले असते. पण नदीत मासाच उरला नाही, तर निम्मा वाटा कशाचा घ्यायचा? या प्रश्नाने बिली फ्रँक यांचे उरलेले आयुष्य व्यापले. सुमारे तीस वर्षे त्यांनी वायव्येकडील जमातींच्या मत्स्य आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले आणि ज्यांनी तुरुंगात टाकले, त्याच राज्य सरकारशी, शेतकऱ्यांशी, लाकूड कंपन्यांशी ते एका मेजावर बसून बोलले. २००९ मध्ये निस्क्वालीच्या मुखाजवळचे जुने बांध फोडले गेले, तेव्हा भरतीचे पाणी शतकभरानंतर तिथल्या सातशेहून अधिक एकरांवर पुन्हा पसरले आणि सॅमनच्या पिल्लांना समुद्रात उतरण्यापूर्वी वाढायला जागा मिळाली.

५ मे २०१४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते गेले. जमातींचा एक दावा तेव्हा न्यायालयात पडून होता: रस्त्यांखालच्या अरुंद मोऱ्या सॅमनची वाट अडवतात, म्हणून त्या राज्याने बदलाव्यात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी विभागली आणि जमातींच्या बाजूचा खालचा निकाल कायम राहिला. त्या मोऱ्या उकरून तिथे आता रुंद पूल बांधले जात आहेत, आणि त्यांच्याखालून सॅमन वरच्या ओढ्यांत अंडी घालायला जात आहेत.