ही वशिरांती कोण?

नमस्कार मंडळी! आजचा विषय टॅटू, आणि तोही विनोदी. माझं एकच सांगणं, सुई लागायच्या आधी स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवतात तो नमुना, मोठ्याने वाचा. परत सांगतो, मोठ्याने.

झालं काय, माझ्या भाच्याला हातावर पुणेरी पाटी हवी होती, "दुपारी १ ते ४ विश्रांती", चौकटीसकट. मला आवडली बुवा कल्पना, कारण खऱ्या पाट्या आता फोनवर फिरण्यापुरत्याच उरल्यात. डेक्कनला एका स्टुडिओत आम्ही तिघं गेलो, तो, मी आणि माझी आई, म्हणजे त्याची आजी, तिला नुसतं बघायचं होतं. तिच्या मनगटावर तुळशीवृंदावन आहे, लहानपणी जत्रेत गोंदलेलं, आता पार हिरवट झालंय. तर जांभळी स्टेन्सिल हातावर उमटली, पोरगा खूश, आर्टिस्टने ग्लोव्हज घातले, मशीन घुर्रर्र सुरू झालं, आणि आजी चष्मा लावून वाकली. "अरे बाळा, ही वशिरांती कोण?"

सगळे गप्प! बघतो तर काय, व ची वेलांटी उडी मारून श वर बसलेली आणि जोडाक्षर फुटून र वेगळा पडलेला. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मराठी पेस्ट केलं की असं होतं. मी वाचलं होतं, भाच्यानेही वाचलं होतं, पण मनातल्या मनात, म्हणून म्हणतो, मोठ्याने वाचा. मग स्पिरिटने पुसलं, नवीन स्टेन्सिल आली, आजीने एकेक अक्षरावर बोट धरून पास केली.

बाकी माहिती थोडक्यात. शाई कातडीच्या आतल्या थरात जाते म्हणून टिकते, लेझरने काढायची तर बऱ्याच फेऱ्या होतात. अक्षरं वर्षानुवर्षं थोडी पसरतात, तेव्हा बारीक जोडाक्षरं नकोत. आणि टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, कॅम्प असेल तर आधी उरकून घ्या.

भाच्याला मागच्या महिन्यात हिंजवडीत दुपारची शिफ्ट लागली, २ वाजता लॉगिन. फुल बाह्यांचा शर्ट घालून जातो बिचारा, आणि आजी दारातून रोज विचारते, "काय रे, आज दुकान उघडं का?"