गंमत होती की मनातलं?

[दृश्य: इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली डन्सफोल्डची जुनी विमान-धावपट्टी. टायरच्या काळ्या खुणा.]

३० जानेवारी २०११, रविवारची रात्र. बीबीसी टू वाहिनीवर ‘टॉप गिअर’ हा गाड्यांवरचा कार्यक्रम चालू आहे. हँगरमध्ये जमलेल्या प्रेक्षकांपुढे तिघे सूत्रसंचालक बसलेत: जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे. विषय निघतो मेक्सिकोत तयार झालेल्या मास्ट्रेटा या स्पोर्ट्स कारचा. हॅमंड म्हणतो, गाडी ही तिच्या देशातल्या माणसांसारखीच असते. म्हणजे ही गाडी आळशी असणार, बेजबाबदार, लठ्ठ, सारखी पादणारी. कुंपणाला टेकून, निवडुंगाकडे बघत डुलक्या काढणारी, मधोमध भोक पाडलेलं घोंगडं कोट म्हणून घातलेली. प्रेक्षक हसतात. क्लार्कसन पुढे म्हणतो, तक्रार येण्याची भीती नाही, मेक्सिकोचे राजदूत हातात रिमोट धरून टीव्हीसमोर घोरत पडले असतील.

राजदूत एदुआर्दो मेदिना-मोरा यांनी बीबीसीला पत्र लिहिलं. हे बोलणं अपमानास्पद आणि परकीयद्वेष्टं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बीबीसीने राजदूतांची माफी मागितली, पण विनोदाची पाठराखणही केली. एकेका देशाच्या लोकांवर ठोकळेबाज विनोद करणं हा ब्रिटिश विनोदाचाच भाग आहे; आम्ही स्वतःच्या स्वयंपाकाला हसतो, तसंच फ्रेंचांच्या तोऱ्याला आणि जर्मनांच्या काटेकोरपणाला हसतो, असं त्यांनी कळवलं.

इथे थोडं थांबू. ‘जर्मन फार काटेकोर असतात’ हे ऐकून कुठल्या जर्मन माणसाची नोकरी जात नाही. ‘मेक्सिकन आळशी असतात’ हे मात्र पलीकडे अमेरिकेत, शेतात आणि बांधकामावर दिवसभर राबणाऱ्या माणसाला रोज सहन करावं लागतं. एका यादीत बसवल्याने दोन विनोद सारखे होत नाहीत.

[दृश्य: जुन्या टीव्ही संचांची रांग. पडद्यांवर मुंग्या.]

या सूत्रसंचालकांचे चाहते म्हणतात, अहो, ते खरं थोडंच बोलतायत? तो उद्धट, अडाणी माणूस हे एक सोंग आहे, आणि हसायचं ते त्या सोंगालाच. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. टीव्हीवर अशी सोंगं झाली आहेत आणि उत्तम झाली आहेत.

अमेरिकेत १९७१ साली ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातला आर्ची बंकर काळ्यांवर, ज्यूंवर, बायकांवर वाटेल ते बोलायचा. ते काम करणारा नट कॅरल ओकॉनर मात्र स्वतः उदारमतवादी होता, आणि मालिकेचा रोख आर्चीच्या अडाणीपणावरच होता. १९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन संशोधकांनी प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या मनात आधीपासून पूर्वग्रह होते, त्यांना आर्ची आवडत होता आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. मालिका एकच, पण घराघरांत तिचा अर्थ निराळा निघत होता.

अमेरिकी टीव्हीवरचा विनोदवीर स्टीफन कोल्बेअर तर कट्टर उजव्या निवेदकाचं उघड विडंबन करायचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं, की उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोघांनाही तो सारखाच विनोदी वाटत होता. पण पुराणमतवाद्यांना वाटत होतं, हा थट्टेचं फक्त नाटक करतोय, बोलतोय ते मनापासूनच.

लेखक वेगळा, पात्र वेगळं, नट वेगळा, एवढं सगळं असूनही हा घोळ होतो. मग क्लार्कसन तर टीव्हीवर क्लार्कसन म्हणूनच येतो. तेच नाव, तीच जीन्स, आणि त्याच नावाने वर्तमानपत्रात स्तंभ. पात्र कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, हे दाखवणारी रेघच त्याने ओढलेली नाही. विनोदी नट स्टीव्ह कूगन हा ‘टॉप गिअर’चा चाहता. तो त्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून आलेला आणि स्वतः अॅलन पार्ट्रिज नावाचा तोंडाळ निवेदक रंगवणारा. मेक्सिको प्रकरणानंतर त्यानेही जाहीर लेख लिहून सांगितलं, की आता पुरे झालं.

[दृश्य: चर्चगेट स्टेशन. डब्यांनी भरलेली लाकडी पाटी डोक्यावर घेऊन उतरणारा डबेवाला.]

२८ डिसेंबर २०११ रोजी प्रसारित झालेला ‘टॉप गिअर’चा भारत विशेष भाग आपल्या जवळचा आहे. त्याची सुरुवात मुंबईत होते. हे तिघे तीन जुन्या गाड्या घेऊन ऑफिसात डबे पोचवायला निघतात. मुंबईचा ट्रॅफिक, अनोळखी पत्ते, डब्यांची फेकाफेक. लोकलने जाणाऱ्या डबेवाल्यांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. हा प्रसंग मला मनापासून आवडतो. यात फजिती होते ती गाड्यांची आणि आढ्यतेखोर गोऱ्या पाहुण्यांची. डबेवाल्याचं काम किती अवघड आहे, हे त्या हसण्यातूनच कळतं.

त्याच भागात क्लार्कसनच्या जॅग्वारच्या डिकीवर एक कमोड बसवलेला आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाला जुलाब होतात, तेव्हा भारतासाठी ही गाडी अगदी योग्य, असं तो सांगतो. नंतर एका समारंभात तो पाहुण्यांसमोर पँट उतरवून इस्त्रीचं यंत्र दाखवतो. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली: परवानगी मागताना हलकाफुलका प्रवास दाखवू असं सांगितलं होतं आणि निघालं भलतंच. बीबीसीचं उत्तर असं, की देश आहे तसा दाखवणं वेगळं आणि त्याचा अपमान करणं वेगळं.

कमोडच्या विनोदाचं लक्ष्य पाहुण्याचं नाजूक पोट आहे, असं कुणी म्हणेल. पण ज्या शहरांत पहाटे पाच वाजता हातात डबा घेऊन बायका सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहतात, त्या देशात हा कमोड मिरवला गेला. त्या बाईला या गमतीत जागाच नाही. डबेवाल्याला होती. मला फरक दिसतो तो इथे, आणि तो ओळखायला क्लार्कसनच्या मनात डोकवावं लागत नाही.

[दृश्य: लंडन, संपकऱ्यांचा मोर्चा. फलक.]

याच निकषावर त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ३० नोव्हेंबर २०११ रोजी ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी पेन्शनसाठी संप केला. त्या संध्याकाळी बीबीसीच्या ‘द वन शो’ या कार्यक्रमात क्लार्कसन म्हणाला, या सगळ्यांना घरच्यांसमोर गोळ्या घालायला हव्यात. एकवीस हजारांहून जास्त तक्रारी आल्या. पण पसरलेल्या चित्रफितीत आधीचं वाक्य नव्हतं. आधी त्याने संपाचं तोंडभरून कौतुक केलं होतं: रस्ते मोकळे, लंडन कसं छान! मग म्हणाला, ही बीबीसी आहे, समतोल राखायला हवा. आणि मग तो गोळ्यांचा आचरटपणा. टोला होता बीबीसीच्या समतोलाच्या कर्मकांडाला. माफी मागितली गेली, पण ऑफकॉम या नियामक संस्थेला नियमभंग आढळला नाही. मलाही तो निर्णय बरोबर वाटतो. इथे उपहास वाक्यातच होता, नंतर चिकटवलेला नव्हता.

‘टॉप गिअर’च्या ब्रह्मदेश विशेष भागात तसं काही नव्हतं. त्यात थायलंडमध्ये बांधलेल्या पुलावरून एक स्थानिक माणूस चालत येतो आणि क्लार्कसन एक द्वयर्थी इंग्रजी शब्द वापरतो. एक अर्थ उतार, दुसरा आशियाई माणसाला हिणवणारी शिवी. जुलै २०१४ मध्ये ऑफकॉमने तो नियमभंग ठरवला. तो माणूस आपल्या वाटेने चालला होता. आपल्यावर काय बोललं गेलं, हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून क्लार्कसनने कार्यक्रमाच्या एका निर्मात्याला ठोसा मारला आणि बीबीसीने त्याचा करार पुढे वाढवला नाही. लोक तो प्रसंग पुरावा म्हणून पुढे करतात: बघा, माणूस आतूनच तसा. मला तो पुरावा नको आहे. रागीट माणूसही चांगला विनोद करू शकतो, आणि सुस्वभावी माणसाचा विनोदही विषारी असू शकतो.

[दृश्य: नोव्हेंबर २०२४, लंडन. शेतकऱ्यांचा मोर्चा. पाऊस, चिखलाचे बूट.]

आता क्लार्कसन शेतकरी आहे. शेतजमिनीवरच्या वारसा कराविरुद्धच्या मोर्चात तो आला, तेव्हा बीबीसीच्या पत्रकार व्हिक्टोरिया डर्बीशायर यांनी विचारलं, कर टाळण्यासाठीच शेत घेतलं असं तुम्हीच सांगितलं होतं ना? जमीन घेण्यामागचं ते कारण त्याने पूर्वी खरोखरच सांगितलेलं आहे. त्या सुमारास त्याने खुलासा केला, की खरं तर शिकारीसाठी शेत घेतलं होतं. ते लोकांना रुचणार नाही म्हणून कराचं कारण पुढे केलं. म्हणजे स्वतःचं कुठलं वाक्य खरं धरायचं, हे तो अडचण येईल तसं मागाहून ठरवतो. वेड पांघरून पेडगावला जायची ही वाट त्याच्या कायम पायाखालची आहे. म्हणूनच ‘तो हे मनापासून बोलतो का’ या प्रश्नाचा निवाडा मी त्याच्याकडे सोपवायला तयार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘द सन’ या वर्तमानपत्रातल्या स्तंभात त्याने राजपुत्र हॅरी यांच्या पत्नी मेगन मार्कल यांच्याबद्दल लिहिलं, की त्यांची नग्न धिंड निघावी आणि लोकांनी त्यांच्यावर घाण फेकावी, असं स्वप्न मी पाहतो. त्याच्या मुलीनेही जाहीर निषेध केला. हा एका गाजलेल्या मालिकेतल्या प्रसंगाचा संदर्भ होता, मालिकेचं नाव लिहायचं राहून गेलं, असा खुलासा त्याने नंतर केला. इप्सो या वृत्तपत्र नियामक संस्थेकडे पंचवीस हजारांवर तक्रारी गेल्या. जून २०२३ मध्ये इप्सोने निर्णय दिला: मजकूर लिंगभेद करणारा आहे. लेखकाच्या मनात कुठली मालिका होती यापेक्षा पानावर काय छापलं गेलं, ते त्यांनी पाहिलं. आणि त्या निर्णयाचा सारांश ‘द सन’ला, हा स्तंभ एरवी जिथे येतो, त्याच पानावर छापावा लागला.