एका खळ्याचा सातबारा

नमस्कार. मागे बसलेत त्यांना ऐकू येतंय ना? बरं.

मघाशी चहा घेताना एका काकांनी मला विचारलं, एवढी पृथ्वी पडलीय, मग ज्यू, ख्रिश्चन आणि मुसलमान या तिघांनाही देवासाठी नेमकं एकच गाव, जेरुसलेमच, सापडलं का? गंमत म्हणून विचारलं त्यांनी, पण माझं आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नाभोवतीच आहे. एक आधीच सांगून टाकतो, तिघांनी वेगवेगळं शोधलं आणि योगायोगाने तिथेच येऊन आदळले असं अजिबात नाही. दुसऱ्याने ती जागा पवित्र मानली कारण पहिला मानत होता, तिसऱ्याने मानली कारण आधीचे दोघं मानत होते. म्हणजे हा शेजाऱ्यांचा बांधावरचा वाद नाहीये, ही भाऊबंदकी आहे, आणि भाऊबंदकी कशी असते ते इथे कोणाला समजावून सांगायला नको.

आता गाव कसं आहे? नदी नाही, बंदर नाही. डोंगरावर वसलेलं, पाण्याला गिहोन नावाचा एक झरा, बस्स. तीर्थक्षेत्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर घाट येतो, तसलं काही नाही. आज ज्याला जुनं शहर म्हणतात ते तटबंदीच्या आत जेमतेम एक चौरस किलोमीटर, आणि तो तटही बायबलच्या काळचा नाही, सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतान सुलेमानने बांधलेला. सगळी मारामारी एवढ्याशा जागेसाठी.

गोष्ट सुरू होते एका खळ्यापासून. हो हो, खळंच, आपण धान्य मळतो ते. बायबलच्या जुन्या करारात आहे की दावीद राजाने, साधारण इ.स.पू. १००० चा काळ धरतात, हे गाव यबूसी लोकांकडून जिंकलं आणि राजधानी केली. पुढे राज्यात मरी आली तेव्हा देवासाठी वेदी बांधायची म्हणून तो गावाबाहेरच्या टेकडीवर अरवना नावाच्या माणसाचं खळं मागायला गेला. अरवना म्हणाला, महाराज, फुकट घ्या, वर बैल पण घ्या. दावीद म्हणाला नाही, फुकटातलं मी देवाला देणार नाही, आणि पन्नास शेकेल चांदी मोजून त्याने ते विकत घेतलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण जगातल्या सगळ्यात वादग्रस्त जमिनीची सुरुवात चक्क रीतसर खरेदीखताने झालीय! त्याच जागी त्याचा मुलगा शलमोन याने मंदिर बांधलं. आणि अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकला, बळी द्यायला नेलं तो मोरिया डोंगर हाच असंही ज्यू परंपरा मानते, म्हणजे खात्यावर मूळपुरुषाचंही नाव चढलं.

हे मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या लोकांनी पाडलं, माणसं धरून नेली. सत्तर वर्षांनी दुसरं उभं राहिलं, ते पुढे हेरोद राजाने प्रचंड वाढवलं. वर्षातून तीन सणांना लोक दूरदूरून वर चढून यायचे, वाटेत म्हणायची खास स्तोत्रं होती, आपल्याकडे आषाढीला पायी जातात त्यातलाच प्रकार समजा. पण या दुसऱ्या मंदिराचा सगळ्यात आतला गाभारा रिकामा होता! देवाच्या दहा आज्ञांच्या पाट्या ज्यात ठेवायचे तो कोश, म्हणजे पेटी, आधीच नाहीसा झाला होता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी मुद्दाम आत घुसला, बघू यांचा देव कसा दिसतो, तर मूर्ती नाही की काही नाही.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी तेही जाळलं. आज टीव्हीवर ज्या भिंतीपाशी ज्यू प्रार्थना करताना दिसतात ती मंदिराची भिंत नाहीये, हा गैरसमज खूप आहे, मंदिर ज्या मोठ्या चौथऱ्यावर होतं त्या चौथऱ्याची ती पश्चिमेकडची आधारभिंत आहे. तिच्या फटीत लोक चिठ्ठ्या खोचतात, त्या वर्षातून दोनदा काढून ऑलिव्ह डोंगरावर पुरतात. मंदिर गेलं पण ते मनातून जाऊ द्यायचं नाही याची यांनी इतकी व्यवस्था केलीय की लग्नात सुद्धा नवरा पायाखाली काचेचा ग्लास फोडतो, ऐन आनंदात त्या पडझडीची आठवण म्हणून.

आता दुसरा भाऊ. येशू ख्रिस्ती नव्हता, ज्यू होता, हे आपण पटकन विसरतो. तो जेरुसलेमला कशाला आला? वल्हांडण सणाला, बाकीचे यात्रेकरू आले तसाच. मंदिराच्या आवारात सराफांची टेबलं उलथली, ती परक्याच्या देवळात जाऊन नव्हे, स्वतःच्या. मग अटक, क्रूस, आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी. ही जागा तेव्हा तटाबाहेर होती, पुढे रोमनांनी तिच्यावर त्यांच्या देवीचं देऊळ बांधलं, आणि चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईन बादशहाने ते पाडून चर्च उभारलं, ३३५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

या पवित्र कबरीच्या चर्चबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण भाऊबंदकीच्या आत अजून एक भाऊबंदकी आहे. तिथे सहा पंथ नांदतात, ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कुठला खांब कोणाचा, कुठली पायरी कोणी झाडायची, दिवा कोणी लावायचा, सगळं ऑटोमन काळात ठरलं ते आजही तसंच चालतं. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, ती अठराव्या शतकापासून तिथेच आहे, कारण ती कोणी हलवायची यावर एकमत नाही! २००२ साली छतावर एका कॉप्टिक साधूने आपली खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली, तर इथिओपियन साधूंशी एवढी हाणामारी झाली की काही जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. आणि चर्चची किल्ली? ती शेकडो वर्षं एका मुस्लिम घराण्याकडे आहे, दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. भावाभावांचं पटत नसलं की किल्ली चुलत्याकडे ठेवतात तसं.

तर तिसरा भाऊ. मुसलमानांची नमाजाची पहिली दिशा मक्का नव्हती, जेरुसलेम होती, ६२४ च्या सुमारास ती बदलली. कुराणात जेरुसलेम हे नाव येत नाही, एका रात्रीत मक्केहून ‘दूरच्या मशिदी’पर्यंत झालेल्या प्रवासाचा उल्लेख येतो आणि परंपरा ती जागा हीच मानते. मुहम्मद पैगंबर बुराक नावाच्या स्वर्गीय प्राण्यावर बसून इथे आले, आधीच्या सगळ्या पैगंबरांसोबत नमाज पढले आणि इथून स्वर्गात गेले. हीच ती मिराजची रात्र. वर पन्नास नमाज सांगितले गेले, तर मूसा, म्हणजे ज्यूंचेच मोशे, म्हणाले की लोकांना हे झेपायचं नाही, कमी करून घ्या, आणि असं करत करत पाचावर आलं. बघा, सल्ला देणारा कोण आहे ते!

जेरुसलेम मुस्लिमांच्या ताब्यात आलं ६३८ च्या आसपास, खलिफा उमरच्या काळात. असं सांगतात की बिशपने त्यांना चर्चमध्येच नमाज पढा म्हटलं, तर उमर नको म्हणाले, मी इथे पढलो तर उद्या माझी माणसं ही जागा मागतील. जमिनीचं कसं असतं ते त्या माणसाला बरोब्बर कळत होतं. जुन्या मंदिराची जागा तेव्हा ओसाड पडलेली, तिथल्या खडकावर पुढचा एक खलिफा अब्द अल-मलिक याने ६९१-९२ मध्ये घुमट उभारला, तोच आपण फोटोत बघतो तो सोनेरी. आतल्या लेखात येशूचंही नाव आहे, पैगंबर म्हणून आदराने, आणि तो देवाचा पुत्र नाही हेही तिथेच ठणकावून. वारसाही सांगायचा आणि हरकतही नोंदवायची.

मधला रक्ताचा इतिहास मी भराभर सोडतोय, १०९९ ला क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती फौजांनी, कत्तल केली, घुमटाचं चर्च केलं, ११८७ ला मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनने परत घेतलं, १९४८ ला शहर तुटलं, १९६७ ला इस्रायलने पूर्व भाग घेतला, यातल्या एकेका सालावर वेगळं व्याख्यान होईल. आजची स्थिती अशी की वरचा चौथरा मुस्लिम वक्फ सांभाळतं, सुरक्षा इस्रायलकडे, आणि चढावाच्या तोंडाशी ज्यू धर्मगुरूंचा बोर्ड आहे की ज्यूंनी वर जाऊ नये. का, तर तो रिकामा गाभारा नेमका कुठे होता ते नक्की नाही, चुकून त्यावर पाय पडायचा. सगळे ज्यू हे मानत नाहीत, त्यावरूनही भांडणं आहेतच.

जाता जाता आपलं एक. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना आपण शनिवार तेली म्हणायचो, त्यांचा धर्म टिकला तो याच गावाकडे तोंड करून. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला आणि मक्काही पश्चिमेलाच, त्यामुळे प्रार्थनेत शेजारच्या मशिदीतल्या माणसाचं आणि यांचं तोंड एकाच बाजूला. आसपासचे लोक त्या सिनेगॉगलाच जुनी मशीद म्हणायला लागले, आणि हार्बर लाईनवरच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

चला, आता प्रश्न घेऊ. ते चहावाले काका कुठे बसलेत?