आठ दशांश सेकंदांचा फरक

ग्रीनिच वेधशाळा, जानेवारी 1796. राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांना आढळलं, की सहायक डेव्हिड किनब्रुक तारे दुर्बिणीतला तंतू ओलांडतात त्या वेळा आपल्यापेक्षा 0.8 सेकंद उशिरा नोंदवतात. ऑगस्ट 1795 मध्ये हाच फरक अर्धा सेकंद होता. किनब्रुक यांची नोकरी गेली.

एवढ्याशा फरकाचं एवढं काय? याच नोंदींवरून वेधशाळेचं घड्याळ तपासलं जाई, आणि रेखांश वेळेवरूनच काढला जाई. सेकंदाला आकाश 15 विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). म्हणजे 0.8 सेकंदाने रेखांश 12 विकलांनी चुकतो. विषुववृत्तावर हे अंतर 370 मीटरच्या आसपास भरतं.

आता त्या काळची वेध घेण्याची रीत बघा. दुर्बिणीत उभे बारीक तंतू ताणलेले. घड्याळातला सेकंद बघून घ्यायचा, डोळा दुर्बिणीला लावायचा आणि पुढचे ठोके कानाने मोजायचे. सातव्या ठोक्याला तारा तंतूच्या अलीकडे, आठव्याला पलीकडे. दोन्ही जागा मनात धरायच्या. अलीकडे तीन भाग आणि पलीकडे सात वाटले, तर वेळ 7.3 सेकंद. पुढचा तंतू यायच्या आत हे लिहूनही काढायचं.

गोम इथेच आहे. डोळा आणि कान यांची सांगड मनात घालावी लागते, आणि ती प्रत्येकाची वेगळी बसते. कुणाचं लक्ष आधी ठोक्याकडे जातं, कुणाचं ताऱ्याकडे. हा हलगर्जीपणा नव्हे. किनब्रुक यांच्यावर अन्यायच झाला.

कोनिग्झबर्गचे खगोलज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी ती हकीकत वाचली आणि 1820 च्या सुमारास वालबेक या खगोलज्ञासोबत तेच तारे आळीपाळीने पाहिले. वालबेक बेसेल यांच्यापेक्षा 1.041 सेकंद मागे! 1823 मध्ये दुसरे खगोलज्ञ आर्गेलांडर 1.223 सेकंद मागे निघाले. दोघेही कसलेले निरीक्षक. खरी वेळ कुणाची, हे यातून कळत नाही; कळतो तो फक्त दोघांमधला फरक. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणतात.

हा फरक बराचसा स्थिर असतो, म्हणून हिशेबात धरता येतो. मात्र काही वर्षांत तो बदलतो, त्यामुळे पुन्हापुन्हा मोजावा लागतो. शिवाय मंद तारा तेजस्वी ताऱ्यापेक्षा उशिरा नोंदला जातो. तारायंत्राने (टेलिग्राफने) दोन ठिकाणांचा रेखांश काढताना निरीक्षक मध्येच जागा बदलत. दोन्ही निकालांची सरासरी घेतली की फरक उडून जाई.

पुढे हाम्बुर्गचे उपकरणनिर्माते रेपसोल्ड यांनी तंतूच हलता केला. निरीक्षक स्क्रू फिरवत तंतू ताऱ्यावर धरून ठेवी, आणि ठरावीक फेऱ्यांना विजेचा संपर्क जुळून वेळ आपोआप कागदावर उमटे.