‘येते हं’नंतरचा एक सेकंद

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रोजच्या गमतींचा व्हिडिओ : सुचण्यापासून चढवण्यापर्यंत’. त्या सगळ्याकडे यायचंय. पण आधी दोन वाक्यं ऐका.

‘पावणेआठला काकू उठल्या आणि म्हणाल्या, येते हं.

सव्वानऊला त्यांनी चप्पल घातली.’

हसू आलं ‘चप्पल’ या शब्दावर, पण ते तयार झालं त्याच्या आधी, दोन वाक्यांच्या मधे मी थांबलो तेव्हा. जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात प्रत्येकाला आपल्या घरचं दार दिसलं, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभी असलेली कुणीतरी काकू दिसली. आता हेच सलग म्हणून बघा : ‘पावणेआठला काकू येते हं म्हणाल्या आणि सव्वानऊला त्यांनी चप्पल घातली.’ ही नुसती नोंद झाली. माणसं तीच, वेळा त्याच, सेकंद तेवढा गेला.

मला आज कळकळीनं सांगायचंय ते एवढंच. घरगुती गंमत थांबण्यात असते, आणि व्हिडिओ करताना सगळ्यात आधी मरतो तो हा थांबा. त्याला मारणारे चौघेजण आहेत : पंखा, खोली, फोन आणि ॲप.

विषय मोठा लागतो असं मुळीच नाही. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. १९ सेकंदांचा. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक जावेद करीम अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहतो आणि यांची सोंड फार लांब असते, एवढंच सांगतो. आपल्याकडे तर विषयांचा सुकाळ आहे. लिफ्टमधलं मौन, डब्याची झाकणं न सापडणं, पाहुण्यांसमोर ‘राहू दे, राहू दे’ म्हणत पुढे सरकणारी वाटी. सुचण्याची अडचण नाही. अडचण ऐकू येण्याची आहे.

पंखा घ्या. तुम्ही बोलता तेव्हा पंखा ऐकू येत नाही, बोलणं त्याला झाकतं. तुम्ही थांबलात की पंखा बोलायला लागतो. त्यात बहुतेक फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करायची सोय असते. तुम्ही गप्प बसलात की फोनला वाटतं, आवाज कमी पडतोय, आणि तो पातळी वाढवतो. म्हणजे ‘येते हं’नंतर पंखा घूंऽऽ करत मोठा होतो आणि ‘सव्वानऊला’ म्हटलं की दचकून खाली बसतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. तो बोटानं पुढचा व्हिडिओ आणतो.

उपाय बिनपैशाचा आहे : माईक जवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, पंख्याचा तेवढाच राहतो. फोन दोन फुटांवरून सहा इंचांवर आणलात, म्हणजे अंतर दोनदा निम्मं केलंत, तर १२ डेसिबलची कमाई. नवा कॅमेरा घेऊन हे साधत नाही. चित्रासाठी फोन लांब हवा असेल तर कपड्याला लावायचा छोटा माईक घ्या आणि हनुवटीखाली एक वीत सोडून लावा. सुती कपडा उत्तम. कडक इस्त्रीचा झब्बा आणि कुरकुरणारं रेशीम माईकला घासतं. साडी असेल तर पदराच्या पिनेच्या जागी लावू नका, खांदा हलला की खरखर येते. मधोमध, काठाच्या दुमडीत लावा. मंगळसूत्र माईकवर आपटतं, ते आत घ्या किंवा बाजूला टाचा. काचेच्या बांगड्या थांब्यात फार स्पष्ट वाजतात, कारण माणूस थांबला की हात हलवतो.

आता खोली. जुन्या वाड्यातल्या खोल्या बोलायला फार चांगल्या. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, कोनाडे, खुंटीवरचे कपडे, सगळं आवाज पिऊन टाकतं किंवा इकडेतिकडे विखुरतं. नव्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काच, वर सपाट छत. तिथे शब्द संपला तरी त्याची शेपूट वाजत राहते आणि थांबा त्या शेपटीनं भरून जातो. म्हणून बोलणाऱ्याच्या मागे, चौकटीत दिसणार नाही अशी, गोधडी टांगा. समोरून ऐकणाऱ्या माईकला तुमच्या पाठीमागची भिंत ऐकू येत असते, म्हणून ती मागे. नुसता आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला. पातळ पडद्याचा उपयोग नाही. जाडी लागते, आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलंत तर तीच गोधडी जास्त काम करते.

फ्रीज बंद करा. आणि बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींची ही जुनी युक्ती आहे : किल्ली घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रीज पुन्हा सुरू करायचं विसरत नाही आणि दूध नासत नाही.

वेळही निवडा. सकाळी घंटागाडीचं गाणं, मग कुकर, मग शाळेच्या रिक्षा. संध्याकाळी रस्ता. पुण्यात दुपारी एक ते चार ही वेळ बाहेरचे लोक थट्टेनं सांगतात, पण ध्वनिमुद्रणासाठी गल्लीची सगळ्यात मोठी देणगी तीच आहे. शटरं खाली, वामकुक्षी चालू, कुणी हाक मारत नाही. वसंतात कोकिळा मात्र ऐकत नाही. तिला राहू द्या, तिनं गंमत बिघडत नाही.

सुरुवात करण्याआधी खोलीत तीस सेकंद गप्प उभे राहा आणि ती शांतता मुद्रित करून ठेवा. पुढे एखाद्या थांब्यात खोकला आला तर तो कापून तिथे ही शांतता भरता येते. तिथे कोरी जागा सोडलीत तर ऐकणाऱ्याला वाटतं, नेट गेलं. पातळीचा काटा मोठ्यात मोठ्या शब्दाला उणे ६ डेसिबलपर्यंत जाऊ द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही.

आणि आता ॲप. माझी खरी तक्रार इथे आहे. संकलनाच्या ॲपमध्ये एक बटण असतं : रिकाम्या जागा आपोआप कापा. लोक ते दाबतात आणि एक सेकंदाची प्रत्येक जागा, म्हणजे प्रत्येक गंमत, एका फटक्यात जाते. काकू येते हं म्हणतात आणि लगेच चप्पल घालतात! अडखळणं कापा, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ कापा, पण हातानं, ऐकत ऐकत. दुसरं बटण गोंगाट काढण्याचं. ते पूर्ण ताणलं की थांब्यानंतरचा पहिला वर्ण खातं, विशेषतः स, श, च. ‘सव्वानऊला’चं ‘अव्वानऊला’ होतं आणि अख्खं वाक्य पडतं. निम्म्याच्या खाली ठेवा. तिसरं, पार्श्वसंगीत. थांब्याखाली ते वाजत राहिलं तर थांबा उरतच नाही. द्यायचंच असेल तर ‘येते हं’च्या आधी बंद करा.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बाकीचं भराभर.

लेखन. मराठी गप्पांच्या वेगात मिनिटाला सुमारे १२० ते १३० शब्द बसतात. दीड मिनिटाच्या व्हिडिओला १७० शब्द पुरे, उरलेली जागा थांब्यांची. कागदावर थांब्याच्या जागी रेघ मारा. आकडे नेमके ठेवा : ‘खूप वेळानं’ नको, ‘सव्वानऊला’. यूट्यूबचे शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, म्हणून तीन मिनिटं भरायलाच हवीत असं नाही.

उजेड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, फ्रेमचा वेग सेकंदाला २५. सोय नसेल तर खिडकीकडे तोंड करून बसा.

मथळे, म्हणजे पडद्यावरचे शब्द. इथे बहुतेकांचं चुकतं. अख्खं वाक्य एकदम दाखवलं तर प्रेक्षक ‘चप्पल’ आधीच वाचून मोकळा होतो, मग तुम्ही कितीही सुंदर थांबा. ‘येते हं’ दाखवा, पुसा, पडदा कोरा ठेवा, मग पुढचं. आपल्या पाट्या हेच करतात. समजा अशी पाटी आहे :

दार वाजवू नये.
बेल आहे.
ती बंद आहे.

हे एका ओळीत लिहून बघा, काय उरतं ते कळेल. टंक, म्हणजे फॉन्ट, युनिकोडच वापरा, ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo), दोन्ही फुकट मिळतात. रफार आणि जोडाक्षरं तुटत नाहीत ना, हे ‘सव्वा’, ‘दुसऱ्या’ आणि ‘वर्ष’ असे शब्द लिहून आधी तपासा.

शीर्षक आणि मुखचित्र, म्हणजे थंबनेल. मुखचित्र १२८० बाय ७२० पिक्सेल, त्यावर चारपेक्षा जास्त शब्द नकोत, फोनवर ते अंगठ्याएवढं दिसतं. त्यात दार दाखवा, घड्याळ दाखवू नका. शीर्षकात ‘पाहुणे निघतात तेव्हा’ पुरे.

शेवटचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास ठेवा. त्याहून मोठा दिलात तर यूट्यूब खाली आणतं, लहान दिलात तर वाढवून देत नाही. चढवण्याआधी तो व्हिडिओ स्वयंपाकघरात, फोनच्याच स्पीकरवर, नळ सुरू ठेवून ऐका, कारण लोक तो तसाच ऐकतात. नळाच्या आवाजात ‘येते हं’नंतरचा सेकंद जाणवला नाही, तर तिथे आणखी अर्धा सेकंद घाला.

चिठ्ठी पुन्हा आली. ज्यांनी माईक आणलेत त्यांनी मागच्या खोलीत या. तिथला पंखा आधीच बंद केलाय. काठाच्या दुमडीत माईक कसा बसवायचा ते करून दाखवतो.