घोड्याच्या पायाची जखम आणि मूळ पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

घोडा पाळणाऱ्या कोणालाही विचारा. अंगावरच्या जखमेची तो फारशी धास्ती घेत नाही. पण गुडघ्याखाली काटेरी तारेने कापलं, की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. आणि ते रास्तच आहे. गुडघ्याखाली घोड्याला मांस नसतंच. कातडी, कंडरा आणि हाड, एवढंच. रक्तपुरवठा तुटपुंजा, खाली माती आणि शेण, त्यात पाऊल पडेल तशी जखम ताणली जाते. पाठीवरची जखम चहूबाजूंनी आक्रसून लहान होते. पायावरची फारशी आक्रसत नाही. तिथे कडेची नवी कातडी सरकत सरकत आत यावी लागते आणि तिचा वेग असतो दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. चार सेंटिमीटर रुंद जखम निव्वळ या वेगाने भरायची म्हटली, तर दोनशे दिवस झाले!

त्यात मांस चढतं. लालभडक, दाणेदार, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं कातडीच्या वर फुगून येतं. त्यात मज्जातंतू नसतात, म्हणून डॉक्टर ते कापतात तेव्हा घोड्याला फारसं दुखत नाही. रक्त मात्र असं वाहतं की बघणारा हबकतो. या उंचवट्यावर कडेची कोवळी कातडी चढू शकत नाही. अशा वेळी मोरचूद लावायची जुनी पद्धत आहे. मोरचूद वाढलेलं मांस जाळतो, हे खरं. पण कडेने आलेली ती नाजूक गुलाबी रेघही तो जाळतो, आणि मग कातडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गंमत म्हणजे पोनी, म्हणजे बुटक्या जातीचे घोडे, यांच्या जखमा मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर भरतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी हे तपासलं. पोनीच्या जखमेत सुरुवातीची सूज जोरदार येते, सफाई करते आणि ओसरते. घोड्यात ती मिळमिळीत असते आणि रेंगाळत राहते. स्टेम सेलचा, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींचा, उपयोग होतो तो नेमका इथे.

या पेशी घोड्याच्या छातीच्या हाडातल्या मगजातून, शेपटीच्या बुडाजवळच्या चरबीतून किंवा शिंगरू जन्मताना नाळेतल्या रक्तातून मिळवतात. त्यांचीच कातडी बनते, असा अनेकांचा समज असतो. तसं फारसं होत नाही. त्या आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप धाडतात: सूज आवरा, नव्या रक्तवाहिन्या काढा, इकडे सरका.

2018 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा निरोगी घोडे, पुढच्या प्रत्येक पायावर तीन मोजक्या जखमा, अशा एकूण छत्तीस. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच घोड्यांच्या नाळेतल्या पेशी काही जखमांच्या कडांमध्ये टोचल्या, काहींवर जेलमधून लावल्या, उरलेल्या जखमा तुलनेसाठी ठेवल्या. सहा आठवडे मोजमाप चाललं. टोचलेल्या जखमा सातत्याने लहान राहिल्या. जेलचा तेवढा प्रभाव दिसला नाही. परक्या पेशींचा त्रासही झाला नाही, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण घोड्याच्या स्वतःच्या पेशी वाढवायला काही आठवडे जातात, आणि जखम तेवढी थांबत नाही.

पण हुरळून जाऊ नका. त्या जखमा स्वच्छ, सुरीने केलेल्या होत्या. कुंपणात अडकून फाटलेल्या पायाचं गणित वेगळं. युरोपात 2019 मध्ये घोड्यांसाठी स्टेम सेलच्या दोन औषधांना परवानगी मिळाली, पण ती सांध्यांच्या दुखण्यासाठी, जखमांसाठी नव्हे. जखम झाली की पहिल्या तासात जे करायचं ते अजून तेच आहे: भरपूर सलाइनने धुणं, नीट पट्टी, डॉक्टरांना बोलावणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. धनुर्वात घोड्याला फार लवकर गाठतो.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात याच्या पुढचं काम चालू आहे. पेशी ज्या द्रवात वाढतात, त्यात त्यांनी सोडलेली द्रव्यं उतरतात. पेशी काढून टाकल्या तरी तो द्रव काही जंतूंची वाढ रोखतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपल्या दृष्टीने हे लक्ष ठेवण्याजोगं आहे. पेशी गोठवून ठेवायला लागणारे द्रवरूप नायट्रोजनचे डबे आपल्या गावांना नवे नाहीत. गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातूनच येतात. पण गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर त्यांतल्या जिवंत किती, हे मोजायला प्रयोगशाळा लागते. बिनपेशींच्या द्रवाला ती मोजणी लागणार नाही.